गुरदासपूर : रावी-बियासच्या काठचा जिल्हा

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगररांगांलगत पाली नावाचे गाव आहे. या गावाजवळ बिंदुसरा नदीवर धरण बांधलेले आहे. धरणाखालून निघालेली बिंदुसरा बीड शहरातून पुढे जाते व सिंदफणेस मिळते. सिंदफणा गोदावरीस मिळते. आणि गोदावरी तो सारा जलसंभार घेऊन पूर्वेकडे नांदेडास पोहोचते. पालीच्या शिवारात पडलेले पावसाचे पाणी अशा रीतीने नांदेडच्या घाटापर्यंत प्रवास करते.

नांदेडच्या त्या गोदातीरी शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग यांनी इ. स. १७०८ मध्ये देह ठेवला. पुढे पंजाबचे महाराजा रणजितसिंग यांनी त्या स्थानी भव्य गुरुद्वारा बांधविला. तो 'हजूर साहिब' या नावाने प्रसिद्ध असून शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, एक आहे. म्हणूनच नांदेड आणि अमृतसर ही एकमेकांपासून इतकी दूर असलेली शहरे थेट रेल्वेगाडीने जोडलेली आहेत.

मराठवाडा आणि पंजाब यांच्या या नात्याचे दुसरे टोक शोधावयाचे असेल, तर अमृतसरच्याही पुढे, गुरदासपूर जिल्ह्यात जावे लागते. एका मराठी संताच्या नावाने गजबजणारे गाव या जिल्ह्यात आहे. नांदेडहून निघालेल्या एका वीराची अखेरची झुंज याच जिल्ह्यात झाली. आणि नकाशावर ओढलेल्या एका रेषेमुळे माणसांच्या जीवनात केवढी उलथापालथ होते, हेही या जिल्ह्याइतके स्पष्टपणे फार थोड्या ठिकाणी दिसून येते.

'पंजाब' हा शब्द 'पंज' म्हणजे पाच आणि 'आब' म्हणजे पाणी या दोन शब्दांनी बनला आहे. सतलज, बियास, रावी, चिनाब व झेलम या त्या पाच नद्या होत. दोन नद्यांमधील प्रदेशास तिकडे 'दुआब' म्हणतात. बियास आणि रावी यांमधील दुआब 'बारी दुआब' या नावाने ओळखला जातो. बियास आणि रावी या दोन नावांतील अक्षरे घेऊन हे नाव तयार झाले आहे. गुरदासपूर जिल्हा या बारी दुआबाच्या वरच्या भागात वसला आहे. त्याच्या पश्चिमेस पाकिस्तान, ईशान्येस पठाणकोट जिल्हा, नैर्ऋत्येस अमृतसर आणि बियासपलीकडे होशियारपूर व कपूरथळा हे जिल्हे आहेत. अमृतसर, तरणतारण, गुरदासपूर हा सर्व मुलूख 'माझा' या नावाने प्रसिद्ध आहे. येथे 'माझा' हे सर्वनाम नसून विशेषनाम आहे, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवले पाहिजे. 'माझा' म्हणजे मधला प्रदेश, पंजाबचे हृदयच म्हणावयाचे.

बालाघाटाच्या उताराला सरावलेल्या डोळ्यांना या जिल्ह्याचे पहिले दर्शन नवलाचे वाटते. नजर पोहोचेल तेथपर्यंत सपाट जमीन असते. खडक म्हणून दिसत नाही. हिमालयातून उतरणाऱ्या नद्यांनी हजारो वर्षे आणून पसरलेल्या गाळाची ही भूमी आहे. आकाश निरभ्र असले म्हणजे उत्तरेच्या क्षितिजावर धौलाधारची बर्फाच्छादित शिखरे दिसतात. नदीकाठच्या सखल, पुराच्या पाण्याखाली जाणाऱ्या जमिनीस येथे 'बेट' असे म्हणतात. मराठीत बेट म्हणजे चारही बाजूंनी पाण्याने वेढलेली भूमी. पंजाबी बेटास पाण्याचा वेढा पावसाळ्यातच पडतो.

येथील ऋतूही तीव्र स्वभावाचे आहेत. जेठ महिन्यात उष्ण वारे वाहतात व पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. पौष-माघात मात्र धुक्याची चादर इतकी दाट पसरते की, काही हातांवरचा मनुष्य दिसत नाही. या थंडीत केशोपूर येथील पाणथळीवर दूरदेशीचे पक्षी हजारोंच्या संख्येने उतरतात. या पाणथळीस २०१९ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर स्थळांमध्ये स्थान मिळाले.

बीडचा शेतकरी मृग नक्षत्र लागले की आकाशाकडे डोळे लावून बसतो. गुरदासपूरच्या शेतकऱ्यास मात्र पावसाखेरीज कालव्याचा व विहिरीचा आधार असतो. रावीच्या पाण्यावर माधोपूर येथून काढलेला 'अपर बारी दुआब कालवा' १८५९ साली सुरू झाला. या पाण्यावर हिवाळ्यात गहू आणि पावसाळ्यात भात पिकतो. ऊसही पुष्कळ होतो आणि साखरेचे कारखाने चालतात. हरित क्रांतीनंतर पंजाब देशाचे धान्याचे कोठार बनला, त्यात या जिल्ह्याचाही वाटा आहे. परंतु भाताला पाणी फार लागते. विजेच्या पंपांनी सतत उपसा होत राहिल्याने पंजाबच्या अनेक भागांत भूगर्भातील पाणी खोल गेले आहे. ज्या प्रदेशाचे नावच पाण्यावरून पडले, त्या प्रदेशाला आज पाण्याची चिंता करावी लागते, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. दुसरीकडे नद्यांचा कोपही या जिल्ह्यास सोसावा लागतो. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात रावीला महापूर आला आणि जिल्ह्यातील शेकडो गावांना त्याचा तडाखा बसला. पुढच्याच महिन्यात मराठवाड्यातही अतिवृष्टीने उभी पिके वाहून गेली. दोन्हीकडच्या शेतकऱ्यांचे दुःख त्या वर्षी एकाच जातीचे होते.

जिल्ह्याचे मुख्य ठिकाण गुरदासपूर हे शहर आहे. गुरिया नावाच्या महंतांवरून गावास हे नाव पडले असे सांगतात. महाराष्ट्रात जिल्ह्याच्या प्रमुख अधिकाऱ्यास जिल्हाधिकारी म्हणतात, तर पंजाबात त्यास डेप्युटी कमिशनर म्हणतात. महाराष्ट्रातील तालुक्याच्या जागी तेथे तहसील असते. हा जिल्हा गेल्या पाऊणशे वर्षांत तीन वेळा लहान झाला. १९४७ मध्ये फाळणीने त्याची एक तहसील पाकिस्तानात गेली. १ नोव्हेंबर १९६६ रोजी भाषावार रचनेच्या तत्त्वाने पंजाब राज्याची पुनर्रचना झाली, तेव्हा डलहौसीचा डोंगराळ भाग हिमाचल प्रदेशास जोडण्यात आला. २०११ मध्ये पठाणकोट हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच वर्षीच्या जनगणनेत एकत्रित जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे तेवीस लाख भरली होती; पठाणकोट वेगळा झाल्यावर ती सुमारे सोळा लाख उरली. या सोळा लाखांपैकी निम्म्याहून अधिक लोक शीख आहेत. हिंदूंची वस्ती शहरांतून विशेष आढळते, आणि ख्रिस्ती लोकांची संख्या पंजाबातील इतर बहुतेक जिल्ह्यांपेक्षा येथे अधिक आहे. धर्म निरनिराळे असले तरी सर्वांच्या तोंडी भाषा एकच असते, ती म्हणजे पंजाबी.

ही भाषा मराठी माणसास प्रथम परकी वाटते. पण कान देऊन ऐकली तर ती सख्ख्या बहिणीसारखी आहे हे कळून येते. मराठीत 'सात', 'आठ' तर पंजाबीत 'सत्त', 'अठ्ठ'. मराठीत 'हात', 'कान', 'नाक', 'काम' तर पंजाबीत 'हत्थ', 'कन्न', 'नक्क', 'कम्म'. दोघींचे मूळ प्राचीन प्राकृतात आहे. त्या प्राकृतातील जोडाक्षर पंजाबीने जपून ठेवले. मराठीने ते सैल करून आधीचा स्वर दीर्घ केला. एवढी एक किल्ली हाती आली की कितीतरी पंजाबी शब्दांची कुलुपे उघडतात. पंजाबी भाषेचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे तिच्यातील सुरांचे चढउतार. 'घोडा' हा शब्द पंजाबी मनुष्य उच्चारतो, तेव्हा 'घ' चा घोष लोपून तो 'कोडा' असा ऐकू येतो आणि त्याची भरपाई आवाजाच्या उतारचढावाने होते. पंजाबी भाषा भारतात गुरुमुखी लिपीत लिहिली जाते. शिखांचे दुसरे गुरू अंगद यांनी ही लिपी व्यवस्थित स्वरूपात रूढ केली. सीमेपलीकडे पाकिस्तानात हीच भाषा फारसी वळणाच्या लिपीत लिहितात. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंची माणसे एकमेकांशी बोलू शकतात. पण एकाने लिहिलेले पत्र दुसऱ्यास वाचता येईलच असे नाही.

गावोगावी दिसणारे पांढरे घुमट आणि त्यांजवळ उंच खांबावर फडकणारे निशाण ही गुरुद्वाराची खूण होय. गुरुद्वारात मूर्ती नसते. 'गुरू ग्रंथसाहिब' हा ग्रंथच गुरू मानला जातो. सकाळ-संध्याकाळ तेथे जमणाऱ्या भक्तसमुदायास 'संगत' म्हणतात, आणि सर्वांनी जमिनीवर ओळीने बसून एकत्र जेवण्यास 'पंगत' म्हणतात. हे दोन्ही शब्द मराठी माणसाच्या नित्य परिचयाचे आहेत. पंगतीत जे अन्न वाढले जाते त्याचे नाव 'लंगर'. लंगरात येणाऱ्याची जात, धर्म वा श्रीमंती कोणी विचारीत नाही. अधिकारी आणि मजूर, यजमान आणि वाटसरू यांना एकच डाळ व एकच पोळी मिळते. भाजी चिरणे, कणीक तिंबणे, खरकटी भांडी घासणे ही कामे लोक आपण होऊन करतात आणि त्यास 'सेवा' म्हणतात. मुलेही या सेवेत मागे राहत नाहीत. उपदेशाने जी गोष्ट सांगावयास शंभर पाने लागतील, ती ही पंगत न बोलता शिकविते.

जिल्ह्यातील सर्वांत मोठे शहर बटाला हे होय. गुरू नानकांचा विवाह येथे झाला, अशी परंपरा आहे. त्या लग्नाच्या वेळची मानली जाणारी मातीची एक भिंत काचेआड जपून ठेवलेली आहे आणि दरवर्षी त्या विवाहाचा उत्सव मोठ्या थाटाने होतो. याच बटाल्याची दुसरी ओळख लोखंडाच्या ओतकामाची आणि यंत्रांची आहे. येथील भट्ट्यांतून तयार झालेली लेथ यंत्रे देशभर जात. पुढे स्पर्धेमुळे त्यांतील पुष्कळ कारखाने मंदावले. धारीवाल हे गाव एकेकाळी लोकरीच्या गिरणीसाठी घराघरांत ठाऊक होते. तेथील उबदार कापड महाराष्ट्रातही येत असे. कलानौर हे आज लहानसे गाव दिसते. परंतु १५५६ साली अवघ्या तेरा वर्षांच्या अकबरास येथेच बादशहा म्हणून गादीवर बसविण्यात आले. तो विटांचा चौथरा अजून तेथे आहे. कादियान हे अहमदिया पंथाचे मूळ स्थान आहे.

बियासच्या काठी श्रीहरगोबिंदपूर नावाचे गाव आहे. सहावे गुरू हरगोबिंद यांनी तेथील मुसलमान रहिवाशांसाठी मशीद बांधून दिली, अशी परंपरा आहे. तिचे नावच 'गुरू की मसीत' म्हणजे गुरूची मशीद असे आहे. १९४७ मध्ये गावातील मुसलमान सीमेपलीकडे निघून गेले. तेव्हापासून निहंग शिखांनी त्या वास्तूची देखभाल केली. पुढे तिची डागडुजी होऊन २००२ साली तेथे पुन्हा नमाज झाली. ज्यांची प्रार्थनेची पद्धत वेगळी आहे, त्यांचे प्रार्थनास्थळ त्यांच्यामागेही सांभाळणे ही या मातीची खरी थोरवी होय.

आता नांदेडहून निघालेल्या वीराची कथा पाहू. माधोदास नावाचे एक बैरागी नांदेडास गोदावरीच्या काठी मठ करून राहत होते. १७०८ साली गुरू गोविंदसिंग तेथे आले असता दोघांची भेट झाली आणि बैराग्याने गुरूंचे शिष्यत्व पत्करले. गुरूंनी त्यांस पाच बाण देऊन पंजाबात धाडले, असे सांगतात. हेच पुढे बंदासिंग बहादूर म्हणून इतिहासात अमर झाले. त्यांनी १७१० मध्ये सरहिंद जिंकले, गुरूंच्या नावाने नाणे पाडले आणि कसणाऱ्यांस जमिनीची मालकी दिली. मोगल सत्तेने त्यांचा सतत पाठलाग केला. अखेर १७१५ मध्ये गुरदासपूरजवळच्या गुरदास नंगल या गावी ते आपल्या साथीदारांसह वेढ्यात सापडले. सुमारे आठ महिने वेढा चालला. धान्य संपले, जनावरे संपली. शेवटी झाडांची पाने व साल खाऊन लोकांनी दिवस काढले. डिसेंबरात ते पकडले गेले. पुढील वर्षी दिल्लीत त्यांस ठार मारण्यात आले. पण त्यांनी धर्म सोडला नाही. गोदावरीच्या काठचा बैरागी रावीच्या प्रदेशात जाऊन कुणब्यांसाठी लढला, ही गोष्ट दोन्ही नद्यांच्या लेकरांनी लक्षात ठेवावी अशी आहे.

या जिल्ह्याच्या वाट्यास आलेली सर्वांत कठीण परीक्षा मात्र १९४७ ची होय. स्वातंत्र्याबरोबर देशाची फाळणी ठरली आणि पंजाबचे दोन भाग करण्याचे काम सर सिरिल रॅडक्लिफ या इंग्रज कायदेपंडिताकडे सोपविण्यात आले. त्यापूर्वी ते कधी हिंदुस्थानात आलेले नव्हते. त्यांच्या हाती जेमतेम पाच आठवडे होते. गुरदासपूर जिल्ह्यात त्या वेळी गुरदासपूर, बटाला, पठाणकोट व शकरगड अशा चार तहसिली होत्या. जिल्ह्यात मुसलमानांची संख्या निम्म्याहून किंचित अधिक होती. म्हणून तात्पुरत्या वाटणीत तो पाकिस्तानकडे दाखविला गेला होता. १५ ऑगस्टचा दिवस उजाडला, देशभर तिरंगा फडकला; परंतु आपण कोणत्या देशात आहोत हे गुरदासपूरच्या लोकांस निश्चित ठाऊक नव्हते. १७ ऑगस्ट रोजी निवाडा प्रसिद्ध झाला. रावीच्या पलीकडील शकरगड तहसील पाकिस्तानास आणि अलीकडच्या तीन तहसिली भारतास मिळाल्या. जम्मू-काश्मीरकडे जाणारा पठाणकोटचा मार्ग त्यामुळे भारताच्या हाती राहिला.

या दोन दिवसांनी असंख्य कुटुंबांचे भवितव्य बदलून टाकले. पाकिस्तानात आहोत असे समजून निर्धास्त असलेले मुसलमान एकाएकी भारतात आले. पलीकडे शकरगडचे हिंदू व शीख पाकिस्तानात पडले. दोन्ही बाजूंनी लोकांचे तांडे निघाले. बैलगाडीत बसेल तेवढे सामान, कडेवर मूल, पाठीवर म्हातारी आई अशा स्थितीत लोकांनी पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडली. वाटेत हिंसाचाराने, भुकेने व रोगराईने असंख्य माणसे मृत्युमुखी पडली. या अपराधातून कोणताही एक धर्म सुटला नाही, आणि या दुःखातूनही सुटला नाही. शकरगडकडच्या एका खेड्यातून अशाच रीतीने बटाल्यास आलेल्या एका कुटुंबात अकरा वर्षांचा एक मुलगा होता. तो पुढे शिवकुमार बटालवी या नावाने पंजाबीचा थोर कवी झाला. वयाची तिशी नुकतीच ओलांडली असता, १९६७ साली, 'लूणा' या काव्यनाट्यासाठी त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याने आपल्या नावापुढे जन्मगावाचे नाव न लावता, ज्या गावाने आसरा दिला त्या बटाल्याचे नाव लावले.

रॅडक्लिफच्या रेषेने आणखी एक गोष्ट दुभंगली. रावीच्या पलीकडे, सीमेपासून अवघ्या चार-साडेचार किलोमीटरांवर, कर्तारपूर आहे. जगभर प्रवास करून थकलेल्या गुरू नानकांनी आयुष्याची अखेरची सुमारे अठरा वर्षे तेथे काढली. ते स्वतः शेत नांगरीत, धान्य पिकवीत आणि आलेल्यागेलेल्यास वाढीत. १५३९ साली तेथेच त्यांनी देह ठेवला. त्यांचे अंत्यसंस्कार आपल्याच रीतीने व्हावेत असे हिंदू व मुसलमान या दोघांनाही वाटत होते, अशी कथा सांगतात. कर्तारपुरात समाधी आणि कबर ही दोन्ही आहेत. अलीकडच्या तीरावर त्यांच्या वंशजांनी वसविलेले डेरा बाबा नानक हे गाव भारतात आहे. १९४७ नंतर गुरूंचे स्थान डोळ्यांना दिसे. पण पायांना तेथे जाता येत नसे. भाविक सीमेवर उभे राहून दूरच्या पांढऱ्या घुमटास हात जोडीत. पुढे तेथे एक उंच चबुतरा बांधून दुर्बिणी ठेवण्यात आल्या. ज्या वाटेस चालत एक तास लागावा, त्या वाटेस बहात्तर वर्षे लागली! ९ नोव्हेंबर २०१९ रोजी दोन्ही देशांच्या संमतीने कर्तारपूर मार्ग खुला झाला आणि भारतीय भाविक व्हिसाशिवाय जाऊन त्याच दिवशी परत येऊ लागले. काहींस तेथे फाळणीत ताटातूट झालेले भाऊबंद वृद्धापकाळी भेटले. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे मार्ग बंद पडला. नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाला. आणि मे २०२५ मध्ये दोन्ही देशांतील संघर्षाच्या वेळी भारताने तो पुन्हा बंद केला. वाट बांधण्यास काही महिने पुरतात. ती मोकळी राहण्यास विश्वास लागतो.

सीमेलगतच्या गावांतील शेतकऱ्यांचे जीवन इतरांहून निराळे असते. तारांचे कुंपण प्रत्यक्ष सीमारेषेच्या काहीसे आत घातलेले आहे. त्यामुळे अनेकांची शेते कुंपण आणि सीमा यांच्या मध्ये पडली आहेत. तेथे जाण्यासाठी शेतकऱ्याने ओळखपत्र दाखवावे, ठरलेल्या वेळी फाटक उघडले की आत जावे आणि ते मिटण्यापूर्वी परत यावे, असा नियम आहे. रात्री पिकाची राखण करता येत नाही. आपल्याच मालकीच्या शेतात परवानगीने जाणारे हे शेतकरी तेथे नांगर चालवितात, म्हणून त्या भूमीवरील देशाचा हक्क जागता राहतो.

ज्या जिल्ह्याने रेषांचे इतके दुःख पाहिले, त्याच जिल्ह्यात घुमान हे गाव आहे. बटाल्याच्या आग्नेयेस असलेल्या या गावाचे दैवत म्हणजे 'बाबा नामदेव', म्हणजेच महाराष्ट्राचे संत नामदेव महाराज. त्यांचा जन्म १२७० साली झाला असे मानतात. आजच्या हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे त्यांच्या घराण्याचे गाव आणि पंढरपूर ही त्यांची कर्मभूमी. ज्ञानेश्वरांच्या समाधीनंतर त्यांनी उत्तरेची वाट धरली आणि हिंडत हिंडत ते पंजाबात पोहोचले. त्या काळी आगगाडी नव्हती, सडका नव्हत्या, ओळखीचे कोणी नव्हते. हाती टाळ व मुखी नाम एवढ्या सामग्रीवर त्यांनी शेकडो कोसांचा मार्ग तुडविला. घुमानला त्यांनी बरीच वर्षे वास्तव्य केले, अशी परंपरा सांगते. महाराष्ट्रात त्यांची समाधी पंढरपुरास विठ्ठलमंदिराच्या पायरीशी मानतात. घुमानचे लोक ती आपल्या गावी मानतात. एकाच संतावर दोन प्रांतांनी सारख्याच प्रेमाने हक्क सांगावा, यात वादाचे कारण काहीच नाही.

१६०४ साली पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी शिखांचा ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा त्यात इतर संतांबरोबर नामदेवांची रचनाही समाविष्ट केली. ग्रंथसाहिबात नामदेवांची एकसष्ट पदे आहेत. त्यांची भाषा उत्तरेकडील आहे. परंतु मधूनच मराठी वळणाची क्रियापदे व प्रत्यय डोकावतात, आणि तेवढ्यावरून हा प्रवासी कोणत्या गावाहून आला हे मराठी कानास ओळखू येते. हा ग्रंथ ज्या ज्या गुरुद्वारात वाचला जातो, तेथे तेथे, अमृतसरपासून नांदेडपर्यंत, नामदेवांचे शब्द आजही गायिले जातात. म्हणजे नरसीहून पंजाबात गेलेली वाणी ग्रंथरूपाने पुन्हा गोदावरीच्या काठी परत आली आहे.

घुमानला दरवर्षी माघ महिन्याच्या प्रारंभी, आपल्याकडील संक्रांतीच्या सुमारास, बाबा नामदेवांची मोठी जत्रा भरते. हाडे गोठविणाऱ्या थंडीत दूरदूरच्या खेड्यांतून लोक येतात, माथा टेकतात आणि लंगरात पंगतीला बसतात. एप्रिल २०१५ मध्ये याच गावी अठ्ठ्याऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. तुकाराम महाराजांच्या वंशातील डॉ. सदानंद मोरे हे त्याचे अध्यक्ष होते. महाराष्ट्रातून गेलेल्या मराठी मंडळींचे घुमानच्या आणि आसपासच्या गावांच्या लोकांनी मनापासून स्वागत केले. पाहुण्यांना पंजाबी येत नव्हती व यजमानांना मराठी येत नव्हती. तरी सुमारे सातशे वर्षांपूर्वी त्या वाटेने एकट्याने चालत गेलेल्या संताचे नाव दोघांनाही ठाऊक होते, आणि पाहुण्यांना आपले मानण्यास घुमानच्या लोकांना तेवढी ओळख पुरली.